बोली आणि धावफलक

परवा मेसमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. फायनल इयरच्या टेबलावर कोणाला किती पॅकेज लागलं याची उजळणी चालली होती. एक जण म्हणाला, "अरे, माणसाची किंमत मार्केटच ठरवतं! क्रिकेटर्सचा तर उघड लिलाव होतो, तिथे कोण काय लायकीचं ते लगेच कळतं." तोंडात घास होता म्हणून तेव्हा गप्प बसलो. उत्तर इथे लिहितोय.

मित्रहो, उदाहरणाला लांब जायला नको, आपल्या नेरूळचंच घेऊ. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, संपेपर्यंत मध्यरात्र झाली. त्या दिवशी दीप्ती शर्माने आधी ५८ धावा काढल्या आणि मग ३९ धावांत ५ बळी घेतले. सबंध स्पर्धेत तिचे २२ बळी आणि २१५ धावा. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू अर्थातच तीच.

आणि मग? आठवडाही उलटला नाही तोच महिला प्रीमियर लीगच्या संघांनी कोणाला ठेवलं नि कोणाला सोडलं त्याच्या याद्या आल्या. यूपी वॉरियर्झने दीप्तीला चक्क सोडलं होतं! २०२५ च्या मोसमात ती त्यांची कॅप्टन होती. त्यांनी राखून ठेवली फक्त एकच खेळाडू, श्वेता सेहरावत, ५० लाखांना.

२७ नोव्हेंबरला दिल्लीत लिलाव झाला. दीप्तीचं नाव पुकारलं गेलं, बेस प्राइस ५० लाख. दिल्ली कॅपिटल्सने तेवढ्याची बोली लावली आणि पुढे कोणी बोलेचना. तेव्हा यूपीने 'राइट टू मॅच' कार्ड काढलं, म्हणजे दुसऱ्याने लावलेल्या किमतीला आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क. पण या नियमात समोरच्या संघाला एकदा बोली वाढवायची संधी मिळते. दिल्लीने थेट ३ कोटी २० लाख सांगितले. यूपीने तेवढे मोजून दीप्तीला परत घेतलं.

आता विचार करा. किंमत ५० लाखांवरून सहापटीच्या वर गेली, आणि त्या दरम्यान दीप्तीने एक चेंडूसुद्धा टाकला नव्हता!

मग बदललं काय? गणित सोपं आहे. प्रत्येक संघाकडे १५ कोटी होते. पहिल्या क्रमांकावर राखलेल्या खेळाडूचा दर होता साडेतीन कोटी. यूपीने एकीलाच राखल्यामुळे त्यांच्याकडे साडेचौदा कोटी आणि चार कार्डं शिल्लक. दिल्लीने पाच जणींना राखलं होतं, त्यांच्याकडे उरले ५ कोटी ७० लाख. यूपीकडे पैसाही आहे आणि कार्डही, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. शेवटी दीप्ती यूपीला साडेतीन कोटींपेक्षा ३० लाख स्वस्त पडली. या सगळ्यात तिच्या ऑफस्पिनचा संबंध किती आणि पर्समधल्या शिलकीचा किती, तुम्हीच सांगा.

एकटी दीप्तीच नव्हे. दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन लॉरा वोल्वार्टने त्याच वर्ल्ड कपमध्ये ५७१ धावा केल्या, एका स्पर्धेतला हा विक्रम. सेमीफायनलला १६९, फायनलला १०१. लिलावात मिळाले १ कोटी १० लाख. ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हीलीने साखळीत आपल्याविरुद्ध १४२ ठोकल्या होत्या. तिला कोणीच घेतलं नाही! आणि प्रतिका रावल? तिने नेरूळलाच न्यूझीलंडविरुद्ध १२२ केल्या, तीन दिवसांनी तिथेच फिल्डिंग करताना जखमी झाली आणि फायनलची रात्र व्हीलचेअरवर काढली. तिच्यावर बोली लागली ५० लाखांची.

कोणी म्हणेल, पैशाला काय कमी लेखतोस? मुळीच नाही. ३ कोटी २० लाख म्हणजे चेष्टा नव्हे, आणि घरी एज्युकेशन लोनचे हप्ते असले की पॅकेजचा आकडा किती महत्त्वाचा असतो ते आपल्यातल्या अर्ध्या पोरांना ठाऊक आहे. पगार जास्त मिळावा म्हणून जरूर भांडा. माझा मुद्दा एवढाच, की बोलीवरून घेणाऱ्याची गरज कळते, त्याच्या खिशातली शिल्लक कळते. देणाऱ्याचं कसब त्यातून पुरतं कळत नाही. ते धावफलकावर असतं.

कॅम्पसलाही वेगळं काय होतं? कंपनीला त्या वर्षी दोनच जागा भरायच्या असतात, म्हणून तिसरा रिजेक्ट होतो. तिसऱ्याला वाटतं आपल्यातच खोट आहे. मग तो पोरगा आठ आठ दिवस मेसला येत नाही, घरचा फोन उचलत नाही. हे मी आमच्याच विंगमध्ये पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणून सरांना एक विनंती. तळमजल्यावरच्या प्लेसमेंट बोर्डावर नावं पॅकेजच्या उतरत्या क्रमाने लावतात, ती निदान आडनावाच्या क्रमाने लावा. आणि शेजारी दुसरा एक बोर्ड लावा: कोणी कोणतं प्रोजेक्ट केलं, काय बनवलं, काय चालू करून दाखवलं. त्यात नोकरी लागलेले असतील आणि न लागलेलेही.

आणि पोरांनो, जेवायला येत नसलेल्या त्या तिसऱ्याचं दार जरा वाजवा. दीप्तीलासुद्धा वर्ल्ड कप जिंकून आठवडा व्हायच्या आत सोडलं होतं, एवढं त्याला सांगितलं तरी पुरे.