दुधाचे पैसे कापले तरी पावती मिळते

मा. अध्यक्ष,
नॅसकॉम, नोएडा.



हे पत्र मी ईटहून लिहितोय. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा खाल्ला असेल तर गाव कुठल्या पट्ट्यातलं ते लक्षात येईल. माझी नोकरी हिंजवडीत. सहा वर्षं झाली, बँकांच्या पेमेंट सिस्टीमचं बॅकएंड सांभाळतो. महिन्यातून एकदा तरी लॅपटॉप घेऊन गावी येतो आणि घरूनच काम करतो.

काल सकाळी वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, दूध घालायला डेअरीवर गेलो. केंद्रवाल्याने कॅनमधलं दूध ढवळलं, बाटलीत नमुना घेतला, मशीनला लावला. मिनिटाभरात पावती बाहेर आली: १४ लिटर, फॅट ३.६, एसएनएफ ८.२. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग, कमी भरला म्हणून पैसे कापले गेले. अण्णा चिडले, मशीनवर शंका घेतली, केंद्रवाल्याला दोन शब्द सुनावले. मग पावतीची घडी करून बंडीच्या खिशात टाकली. घरी येता येता म्हणाले, "पेंड वाढवावी लागंल. खनिज मिश्रण बी दोन आठवडे झालं बंद हाय."

मला त्या पावतीचा हेवा वाटला.

गेल्या वर्षी मी एका मोठ्या कंपनीत मुलाखत दिली. नाव लिहीत नाही. हे वाचून दहा जणांना ती आपण मुलाखत दिलेलीच कंपनी वाटेल. पहिली फेरी ऑनलाइन टेस्टची. ती याच घरात, मधल्या खोलीत बसून इन्व्हर्टरवर दिली. दीड तास कॅमेरा चालू, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही. मागून आई ज्वारीचं सूप घेऊन गेली तर स्क्रीनवर लाल पट्टी: दुसरी व्यक्ती आढळली. गोठ्यातली गाय हंबरली तर दुसरी पट्टी: आवाज आढळला. तिसऱ्या पट्टीला टेस्ट बंद होणार होती. मी उठून दाराला कडीही लावू शकत नव्हतो, कारण उठलो तर तीच तिसरी पट्टी. उरलेला तासभर देव पाण्यात घालून बसलो.

मग मुलाखतीच्या पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीतले साहेब वीस मिनिटं उशिरा आले, कॅमेरा बंद ठेवून. बायनरी ट्री उलटा करून दाखवा म्हणाले. नोकरीत रात्री दोन वाजता उठून अडकलेले व्यवहार सोडवलेत, ट्री उलटा करायची पाळी कधी आली नाही. तरी तोही पाठ करून गेलो होतो. अडचण दुसरीच झाली. 'थिंक अलाउड', साहेब म्हणाले. म्हणजे विचार करायचा तो मोठ्याने, आणि तोही इंग्रजीत. मी विचार मराठीत करतो आणि गप्प बसून करतो. जरा शांतता झाली की पलीकडून 'आर यू देअर?' मी होतो, विचार मात्र पळून गेलेला.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी परीक्षकासमोर, फळ्यावर बोलत बोलत प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. समोर माणूस असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. परीक्षकासमोर सोडवणारी एकही मुलगी पास झाली नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. संख्या लहान आहे, कबूल. पण आपण प्रोग्रामिंग मोजतोय की सभाधीटपणा, एवढा प्रश्न पडायला ती पुरेशी आहे. आणि पाच फेऱ्या तरी कशाला? गूगलने स्वतःच्याच मुलाखतींचा हिशोब मांडला तेव्हा चौथ्या मुलाखतीनंतर अंदाजात नावापुरतीच भर पडते असं दिसलं होतं.

पाचव्या फेरीनंतर एचआरच्या मॅडमचा फोन आला. सगळं छान झालंय, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा, नोटीस पीरियड किती ते कळवा. पाठवल्या, कळवलं. आईने शेजारी सांगूनही टाकलं. त्यानंतर सामसूम. फोन उचलेनात, मेसेजला निळ्या टिक्स तेवढ्या आल्या. सत्तेचाळिसाव्या दिवशी दोन ओळींची मेल: आम्ही इतर उमेदवारांचा विचार करत आहोत. पाठवणाऱ्याचा पत्ता 'नोरिप्लाय'.

अण्णांनी विचारलं, "काय कमी पडलं?"

"सांगितलं नाही."

"मंग पुढच्या बारीला सुधारणार काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचे चार महिने रात्री जागून लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरचे तीनशे प्रश्न सोडवले. जनावराला काय झालंय ते न कळता हाताला लागेल ते औषध पाजावं, तसला प्रकार.

माझा गुन्हाही सांगून टाकतो. आमच्या कंपनीत शनिवारचा ड्राइव्ह असला की मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. संध्याकाळपर्यंत अकरा-बारा पोरं होतात. शेवटच्या चौघांचे चेहरेही आठवत नाहीत. फॉर्मवर 'नॉट अ फिट' एवढंच लिहून मी चहाला उठलोय, एकदा नाही, बऱ्याचदा. ती पोरंही कुठल्यातरी ईटला जाऊन तोंड लपवून बसली असतील.

आता तुम्हालाच हे पत्र का, ते सांगतो. २००६ साली नॅसकॉमच्या, म्हणजे तुमच्या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या, पुढाकाराने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री उभी राहिली. आमचे फोटो, बोटांचे ठसे, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, सगळी नोंद त्यात. खोटे अनुभव आणि डमी उमेदवार पकडायला ती हवीच होती, माझी तक्रार नाही. माझाही आयटीपिन, म्हणजे त्या नोंदीचा नंबर, आहे. तक्रार एवढीच की वही एकाच बाजूने लिहिली जाते. उमेदवाराला कंपनीने किती दिवस लटकत ठेवलं, किती फेऱ्या घेतल्या, नकाराचं कारण दिलं का, याचं पान त्या वहीत नाही. ते पान तुम्ही जोडा.

जगात कुणी करत नाही, असंही नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनी, जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली की ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं, असा कायदाच आहे. कारण द्यायची सक्ती तिथेही नाही. मी मात्र कारणही मागतोय. दोन ओळी चालतील: कोड बरोबर होता पण सावकाश, किंवा डेटाबेस कच्चा, किंवा जागाच रद्द झाली. शेवटचं कारण तर सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात जास्त लपवलं जातं असा माझा संशय आहे.

कंपन्यांचे वकील म्हणतील, कारण दिलं की वाद अंगावर येतो. येईल की! अण्णा दर दोन-तीन दिवसांनी केंद्रवाल्याशी भांडतात. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन पुन्हा तिथेच जातात.

हे लिहीत असताना अण्णा पेंडीचं पोतं टाकून आलेत. आठ दिवसांनी एसएनएफ किती लागला ते तुम्हाला कळवायला आवडलं असतं, पण तुमचा मेलचा पत्ता उत्तर घेणारा आहे की नोरिप्लाय, ते आधी कळवा.

आपला,
एक सॉफ्टवेअर इंजिनिअर
मु. पो. ईट, ता. भूम, जि. धाराशिव