कमी चाललेल्या पिकअपचा भाव

मार्च जवळ आला की वापरलेल्या मालवाहू गाड्यांच्या बाजारात आवक वाढते. वितरक आणि छोटे कारखानदार वर्षअखेरीला जुन्या गाड्या काढतात, हप्ते थकून जप्त झालेल्या गाड्यांचे लिलाव लागतात, आणि यार्डात एक वाक्य सारखे कानावर पडते: ‘शेठ, गाडी फक्त अडतीस हजार चाललीये.’ एवढ्यावर पिकअपचा भाव लाखभराने चढतो. तो चढावा का आणि चढलाच तर कितीने, हे ठरवण्याची पक्की रीत आपल्या व्यवसायात अजून बसलेली नाही.

साधा हिशोब करून पाहा. नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणारी पिकअप एका खेपेला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालते. महिन्याला पंधरा खेपा धरल्या तरी वर्षाचे साठ हजार होतात. मग पाच वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ३८,००० दिसत असतील, तर ती दिवसाला सरासरी २१ किलोमीटर चालली आहे. लांबच्या भाड्यावर असलेली, हप्ता भरणारी गाडी एवढ्यावर पोट भरू शकत नाही. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो किलोमीटरचा नव्हे, कामाचा: ही गाडी पाच वर्षे करत काय होती? आमचे म्हणणे एवढेच आहे की भाव मीटरला द्यायचा नसतो, गाडीने केलेल्या कामाला द्यायचा असतो.

सर्वांत फसवी असते ती गल्लीबोळात राबलेली गाडी. गॅस सिलिंडर वाटणारी पिकअप घ्या. शे-दोनशे मीटरवर थांबा, पोरगा सिलिंडर घेऊन वर गेला, गाडी एक तर चालू किंवा बंद करून पुन्हा सेल्फ. दिवसभरात वीस किलोमीटर, पण क्लच शेकडो वेळा दाबलेला आणि अर्धा दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरात गेलेला. पाण्याचे जार वाटणाऱ्या गाडीचे तेच, शिवाय हौद्याचा पत्रा खालून कुजलेला. अशा गाडीत मीटर खरा असतो, मालकही खरे बोलत असतो, आणि तरी यंत्र थकलेले असते.

इथे स्कॅनर उपयोगी पडतो. पुष्कळ मॉडेलांत ईसीयूमधून इंजिन किती तास चालले ते वाचता येते. किलोमीटरला तासांनी भागा. ३८,००० किलोमीटरला ३,८०० तास निघाले, तर गाडीचा सरासरी वेग ताशी १० किलोमीटर आहे. तेवढेच तास ती महामार्गावर ताशी ४० च्या सरासरीने चालली असती, तर मीटरवर दीड लाखाच्या पुढचा आकडा असता. इंजिनाची झीज समजायला हा दुसरा आकडा जवळचा आहे. उतार, ओझे, चालक यांचा फरक पडतो हे खरे, पण अंदाजाची दिशा चुकत नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि या प्रश्नाला नवे टोक आले. बहुतेक बीएस-६ डिझेल पिकअपच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. अडकलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो सलग, बऱ्या वेगाने चालल्यावर. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत ते घडत नाही. मग इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर तापवू पाहते, तेवढ्यात चालक गाडी बंद करतो, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणजे जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीत कमी चालणे हा निदान निम्मा तरी गुण होता; बीएस-६ मध्ये तो बऱ्याचदा दोष ठरतो. अनेक जुने, जाणते मेस्त्री अजून पहिल्याच अंदाजाने गाडी पाहतात, आणि गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर पैसे मोजते.

डिपस्टिक काढून बघा. इंजिन थंड, गाडी सपाटीवर. काठी पुसून पुन्हा बुडवा. ऑइल वरच्या खुणेच्या वर चढलेले असेल आणि बोटाला पातळ लागून डिझेलचा वास येत असेल, तर फिल्टर साफ होण्याच्या फेऱ्या अर्धवट राहिल्या आहेत, असे समजा. ऑइल नुकतेच बदललेले असेल तर हा पुरावा पुसला जातो, म्हणून स्कॅनरवर फिल्टरमधली काजळी आणि शेवटची सफाई कधी पूर्ण झाली तेही पाहून घ्या. डीपीएफ बदलण्याचा खर्च छोट्या व्यावसायिकाचे दोन-तीन महिन्यांचे हप्ते गिळू शकतो. कुणी ‘फिल्टर काढून पाइप टाकलाय, आता कटकट नाही’ असे अभिमानाने सांगितले, तर तिथून उठा. ती गाडी पुढच्या पासिंगला अडकणार.

उभी राहिलेली गाडी तुलनेने सोपी असते. दोष उघड दिसतात आणि बहुतेक दुरुस्त होतात: टाकीत पाणी आणि गाळ, गंजून चिकटलेले व्हील सिलिंडर, दोन वर्षांत न बदललेले ब्रेक फ्लुइड, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग, युरिया लागणाऱ्या मॉडेलात नळीत धरलेले खडे. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे वाचा. ‘१२२१’ म्हणजे २०२१ सालचा बारावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी पाच वर्षांचे रबर कडक झालेले असते, आणि भरल्या गाडीने घाट उतरताना त्याची किंमत कळते. मासळीची वाहतूक केलेली गाडी मात्र वेगळी धरा. बर्फाचे खारट पाणी चासीच्या आत उतरते. रंगाखाली स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिल्याशिवाय अशा गाडीला हात लावू नये.

राहिला मीटर फिरवण्याचा उघड प्रकार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ही फसवणूक बसते, पण पोलिसांपर्यंत जाण्याची वेळच येऊ नये म्हणून पुरावे आधी गोळा करता येतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. विकणाऱ्याकडून त्या टॅगचे वर्षावर्षाचे स्टेटमेंट मागा. तालुक्याबाहेर न गेलेल्या गाडीने दर आठवड्याला घोटी आणि पडघ्याचे टोलनाके ओलांडलेले असतील, तर बोलणे तिथेच संपते. ई-चलनांवरही ठिकाण आणि वेळ असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डांवर किलोमीटर लिहिलेले असतात. एवढे करूनही शंका उरली, तर हौद्याकडे चला. डॅशबोर्डचे आकडे लॅपटॉपने बदलता येतात, फाळक्याच्या बिजागऱ्या बदलायची तसदी कुणी घेत नाही. खीळ बसते ते भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे ते पाहा. ताडपत्रीची दोरी अडकवायच्या हुकांवर रंग शाबूत आहे की घासून धातू चकाकतो आहे? मागच्या पाट्यांत एखादा पाटा जादा घातला असेल, यू-बोल्ट नवे असतील, कमानीच्या ब्रॅकेटपाशी चासीवर वेल्डिंगची रेघ दिसत असेल, तर दीड टनाच्या गाडीने अडीच टन ओढले आहेत. तसे असेल तर मीटर खरा की खोटा याने फारसा फरक पडत नाही.

आता भाव. इथे या वर्षी सर्वांत मोठी गफलत होते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ८ लाखांची असलेली पिकअप पूर्वी १०,२४,००० ला पडायची, आज ती ९,४४,००० ला पडते. विकणारा आपण मोजलेल्या रकमेवरून भाव सांगतो, आणि घेणाराही त्याच रकमेवरून घासाघीस करतो. दोघांचा पाया ८० हजारांनी चुकलेला असतो. जुन्या गाडीचा भाव तीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते यावरून काढायचा, आणि तोही डीलरची सूट वजा करून.

तिथून वयाची घट धरा. विम्याच्या आयडीव्हीचे कोष्टक हाताशी असते: दुसरे वर्ष संपेपर्यंत २० टक्के, तिसऱ्यापर्यंत ३०, चौथ्यापर्यंत ४०, पाचव्यापर्यंत ५०. बाजार पिकअपला याहून थोडे जास्त देतो, म्हणून पाच वर्षांच्या, नेहमीसारख्या चाललेल्या गाडीला आम्ही नव्याच्या ५० ते ५५ टक्के धरू. वरच्या उदाहरणात पाच लाखांच्या आतबाहेर. वय नोंदणीपासून नव्हे, आरसीवरच्या उत्पादनाच्या महिन्यापासून मोजा. कमी किलोमीटर कागदांनी आणि तासांनी सिद्ध झाले, तर त्यावर फार तर दहा टक्के द्या, म्हणजे पन्नास हजार. नुसत्या तोंडच्या शब्दाला काही देऊ नका. मग टायर, बॅटरी, ब्रेकचे काम यांचा अंदाज कागदावर लिहून वजा करा. अनेकदा किलोमीटरसाठी चढवलेले पन्नास हजार इथेच परत जातात.

व्यापारी वाचकांसाठी कराची एक गोष्ट. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला वापरलेल्या गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे. मात्र ज्या फर्मने ही गाडी घेताना इनपुट क्रेडिट घेतले होते, तिला मार्जिनची ही सवलत नाही; पूर्ण विक्री किमतीवर कर लागतो. मालवाहू गाडीवर क्रेडिट मिळत असल्याने वितरकांच्या गाड्यांत हे सर्रास आढळते. सौदा ठरण्याआधी बिलाबद्दल बोलून घ्या.

आणि कागद. ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीत बोजा, चलने, कर आणि पासिंगची मुदत पाहून घ्या. आठ वर्षांपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. मुदत संपत आली असेल तर तो खर्च भावात धरा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ‘टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवली, नावावर नंतर करू’ ही आपल्या धंद्यातली जुनी सवय विकणाऱ्यालाच बुडवते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की अपघाताची भरपाई नोंदीवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडूनच वसूल होईल, गाडी मध्ये कितीही हातांतून गेली असली तरी.

एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्यांनी ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची आहे: कशासाठी नेली, कोणी चालवली, किती किलोमीटर झाले. आमची मागणी अशी की व्यापाऱ्यांनी याच्या एक पाऊल पुढे जावे. गाडी यार्डात आली त्या दिवशीचा मीटर, इंजिनाचे तास, डीपीएफची स्थिती आणि आधीच्या मालकाने लेखी दिलेले काम, एवढे एका पानावर सही-शिक्क्यानिशी गिऱ्हाइकाला द्यावे. हे पान घेणारा बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर दहा वर्षे चालक राहिलेला असतो. बायकोचे दागिने गहाण टाकून त्याने पहिली गाडी करायला घेतलेली असते, आणि जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा जास्त व्याज भरणार असतो. ज्या संघटनांना या पानाचा नमुना हवा असेल, त्यांनी कार्यालयाला कळवावे. पुढच्या अंकात तो छापायची आमची तयारी आहे.