सातपुड्यातलं ‘मिनी काश्मीर’: मोलगी-डाबला नेमकं कधी जायचं? आणि तेव्हा गावात कोण असतं?

दर डिसेंबर-जानेवारीत एक रील हमखास फिरतं. पहाटेचा उजेड, पांढरं झालेलं गवत, एखाद्या गाडीच्या टपावर बर्फाचा पातळ थर आणि खाली कॅप्शन: ‘हे काश्मीर नाही, हे आपलं नंदुरबार’. व्हिडिओ बहुतेक वेळा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब किंवा वालंबा भागातला असतो. तिकडे जायचं तर मोलगीचं नाव येतंच. सातपुड्याच्या या दुर्गम पट्ट्यातलं बाजाराचं, दवाखान्याचं, पोलीस ठाण्याचं गाव म्हणजे मोलगी.

रील बघून लोक विचारतात, ‘जायला बेस्ट टाइम कोणता?’ पावसाळा हिरवा आहे, हिवाळा थंड आहे, होळी भव्य आहे, असं उत्तर इंटरनेटवर मिळतं. ते चुकीचं नाही. पण मोलगीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पर्यटकांना जे महिने सगळ्यात छान वाटतात, त्याच महिन्यांत इथली गावं एक तर रस्त्यापासून तुटलेली असतात, नाही तर अर्धी रिकामी असतात.

आधी बर्फाचं बघू

डाबला बर्फ ‘पडत’ नाही. हिमवर्षाव व्हायचा तर ढगांपासून जमिनीपर्यंतची हवा पुरेशी थंड हवी आणि ढगही हवेत. इथे नेमकं उलटं घडतं. आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि रात्र मोठी असते. अशा रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडून देतात. ती अडवायला वर ढगांचं पांघरूण नसतं. थंड हवा जड असते, ती पठारावरच्या खोलगट भागात साचते. गवताच्या पात्याचं तापमान शून्याच्या खाली गेलं की त्यावरचं दव गोठतं.

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या पेटीत असतो. त्यामुळे हवेचं तापमान 4 अंश नोंदलेलं असतानाही गवतावर बर्फाची चादर दिसू शकते. बातमीत ‘पारा 4 अंशांवर’ आणि फोटोत बर्फ, यात विसंगती वाटते ती म्हणून.

थोडक्यात, हे दिसायला हवं असेल तर सलग थंडीची लाट, निरभ्र आकाश आणि पहाटे उठण्याची तयारी, तिन्ही लागतं. ऊन चढलं की खेळ संपला. शनिवारी दुपारी गाडी घेऊन पोचणाऱ्यांना डाबमध्ये एक सुंदर, कोरडं पठार दिसेल, बर्फ नाही. आणि ज्या रात्री रील बनतं, त्या रात्री शेतकऱ्याची झोप उडालेली असते. डाबच्या थंडीत अलीकडे स्ट्रॉबेरीही घेतली जाते, पण दव गोठेपर्यंत पारा उतरला की कोवळ्या पिकाला ते बाधतं.

हिवाळ्यात माणसं कुठे जातात?

दिवाळीच्या आसपास इथला सगळ्यात मोठा सोहळा असतो अस्तंबाची यात्रा. धडगाव तालुक्यातलं अस्तंबा शिखर 1,300 मीटरहून उंच आहे आणि अश्वत्थामा तिथे वावरतो अशी श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो तरुण डोंगर चढतात. त्याच दिवसांत सीताफळं उतरायला लागतात, भगर आणि ज्वारीची कापणी होते.

आणि मग गावं रिकामी व्हायला लागतात. महाराष्ट्रातला ऊसाचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातमध्ये शेतमजुरीला, बांधकामावर जातात. डोंगरउताराची शेती पावसावर असते. एक पीक निघालं की हातात काम उरत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं, काही मुलं आणि गुरं. जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना घेऊन निघालेली गाडी दरीत कोसळली होती. ते थंडीचे, म्हणजे पर्यटकांच्या भाषेत ‘पीक सीझन’चे दिवस होते.

म्हणजे हिवाळ्यात तुम्ही डाबला जाता तेव्हा जी ‘शांतता’ अनुभवता, तिच्यातली बरीचशी शांतता स्थलांतराची असते. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार मिळेल हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही उद्घाटनात ऐकू येतं. पण रोजगार घ्यायला स्थानिक गावात असायला हवेत, आणि हे चार-पाच महिने ते नसतात. दोन वीकेंडच्या चहा-भज्यांसाठी कोणी ऊसतोडीची उचल सोडून थांबणार नाही. ते थांबायचे तर हंगामभर पुरेल इतकं आणि खात्रीचं काम लागेल.

सँटोरिनीकडे बघितलं तर काय दिसतं?

ऋतूंवर चालणाऱ्या पर्यटनाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ग्रीसचं सँटोरिनी बेट. पांढरी घरं, निळे घुमट, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. या बेटावर कायम राहणारे लोक आहेत साधारण 15 हजार. 2023 मध्ये तिथे आलेल्या पर्यटकांचा आकडा सुमारे 34 लाख सांगितला जातो. त्यातले बहुतेक उन्हाळ्यात येतात. पिण्यायोग्य गोड पाणी बेटावर फारसं नाही, समुद्राचं पाणी शुद्ध करून वापरावं लागतं. हिवाळ्यात चित्र पालटतं: हॉटेलं बंद, दुकानं बंद, हंगामापुरते आलेले कामगार परत.

ग्रीसने यावर ऋतूप्रमाणे दर लावले. जुलै 2025 पासून सँटोरिनी आणि मिकोनोस बेटांवर क्रूझने उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून शुल्क घेतलं जातं. जून ते सप्टेंबर 20 युरो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये 12 युरो, हिवाळ्यात फक्त 4 युरो. सँटोरिनीवर दिवसाला 8 हजारांपेक्षा जास्त क्रूझ प्रवासी उतरू नयेत अशी मर्यादाही आहे. गर्दीच्या महिन्यात या पण जास्त पैसे द्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या महिन्यात या, असा हा सरळ हिशोब.

मोलगीत 34 लाख काय, 34 हजार पर्यटकही पेलायची सोय नाही, तेव्हा तुलना आकड्यांची नाही. मुद्दा दिशेचा आहे. सँटोरिनीत हंगाम आला की कामगार बेटावर येतात. मोलगीत हंगाम आला की कामगार डोंगर उतरून जातात.

पावसाळा: धबधबा आणि दरड एकाच घाटात

अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये हा घाट खरोखर बघण्यासारखा असतो. कड्यांवरून पाणी उतरतं, ढग रस्त्यावर येतात. धडगावकडे बिलगावचा धबधबा आहे. त्याच बिलगावात गावकऱ्यांनी श्रमदान करून 2003 मध्ये स्वतःचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. तो 2006 च्या पुरात गेला. रीलमध्ये तो इतिहास येत नाही, धबधबा येतो.

पण घाट हाच इथला एकमेव जीवनरस्ता आहे. तळोदा-धडगाव मार्गावरच्या चांदसैली घाटात सप्टेंबर 2021 मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला. तेव्हा एका पतीने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायी वाट धरली. ती दवाखान्यापर्यंत पोचू शकली नाही. बांबूच्या झोळीतून गरोदर बाईला ओढे ओलांडून नेण्याच्या बातम्या तर जवळपास दर पावसाळ्यात येतात. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे, पण पाड्यावरून मोलगीपर्यंत पोचणं हाच प्रश्न असतो.

अशा रस्त्यावर वळणावर गाडी आडवी लावून फोटो काढणं म्हणजे फक्त बेशिस्त नाही. मागून येणारी गाडी रुग्णवाहिका असू शकते, आणि तिला दुसरा रस्ता नाही. पावसाळ्यात जायचंच असेल तर मुसळधार पावसाचा इशारा असलेला दिवस टाळा, अंधार पडायच्या आत घाट उतरा आणि घाटात थांबू नका.

नर्मदेच्या काठाचंही तसंच. सरदार सरोवराचं बॅकवॉटर अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांपर्यंत पसरलं आहे. पावसाळ्यानंतर ते एखाद्या फिऑर्डसारखं दिसतं. 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत धरण पहिल्यांदा 2019 मध्ये भरलं. या पाण्याखाली महाराष्ट्रातल्या 33 गावांच्या जमिनी आणि घरं बाधित झाली, मणिबेली त्यातलं सगळ्यात आधी चर्चेत आलेलं गाव. काठावरच्या लोकांसाठी बोट ही मजा नाही, बस आहे. त्याच वर्षी, 2019 च्या मकर संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुषा इथे गर्दीने भरलेली बोट उलटून माणसं बुडाली होती. लाइफ जॅकेट नसलेल्या बोटीत ‘एकच फोटो’साठी बसू नका, नावाडी कितीही ओळखीचा असो.

होळी: गाव भरलेलं असतं तेव्हा

मग गाव भरलेलं कधी असतं? होळीला. ऊसतोडीला गेलेला माणूस दिवाळी चुकवेल, पण होळीला घरी येतो. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार म्हणजे या परतीची जत्राच. कपडे, चांदीचे दागिने, गूळ, डाळ्या, घुंगरं, सगळी खरेदी तिथे होते. मोलगीचा बाजार त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते इतका भरतो.

मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी सगळ्यात प्रसिद्ध. ती 1246 पासून सुरू असल्याचं सांगितलं जातं. होळीचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात. तो उभा करायचा खड्डा अवजार न वापरता हातांनी खणतात. रात्रभर ढोल वाजतात, नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं, असे ‘बुध्या’ तुम्ही फोटोत पाहिले असतील.

फोटोत दिसत नाही ते असं की ही वेशभूषा नसून नवस आणि व्रत आहे. बुध्या होणारा माणूस होळीआधी काही दिवस पाळणी पाळतो: जमिनीवर झोपणं, अंघोळ न करणं, घरच्या संसारापासून लांब राहणं. त्याला हात लावून ‘जरा इकडे बघ’ म्हणणं हे देवळातल्या पुजाऱ्याला पोझ द्यायला सांगण्यासारखं आहे. ड्रोन उडवणं, नाचात घुसणं, बायकांचे जवळून व्हिडिओ काढणं, याबद्दल दरवर्षी नाराजी ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

नंदुरबार जिल्ह्यातच याचा दुसरा नमुना आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. अलीकडे त्याला ‘चेतक फेस्टिवल’चं रूप आलं, पर्यटकांसाठी तंबू आले. घोडेबाजाराला ते पेलतं, कारण बाजार मुळात अनोळखी माणसांसाठीच असतो. काठीची होळी बाजार नाही. तिथे पाहुणा चालतो, प्रेक्षक म्हणून तिकीट लावता येत नाही.

उन्हाळ्याबद्दल कोणी का बोलत नाही?

कारण तेव्हा डोंगर उघडे दिसतात, पाण्याची ओरड असते आणि रील चालत नाही. 1,150 मीटरच्या आसपास उंचीवरचं तोरणमाळ, यशवंत तलाव आणि सीताखाईसह, मे महिन्यातही सुसह्य असतं. मोलगीच्या खालच्या पाड्यांवर मात्र हंडाभर पाण्यासाठी झरा गाठावा लागतो.

पण गावात पैसा खेळण्याचे हेच दिवस. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचली जातात, मग चारोळी, मग कैरी. एप्रिल-मेमध्ये अंगणात, खडकांवर, छपरांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. धडगाव-मोलगी पट्ट्यातलं हे आमचूर व्यापाऱ्यांमार्फत लांबच्या बाजारात जातं. कैरी सोलण्या-कापण्याचं बहुतेक काम बायका करतात आणि भाव व्यापारी ठरवतो.

या महिन्यात मोलगीला गेलात तर ऊसतोडीहून परतलेली माणसं घरी भेटतील, बोलायला वेळ असेल आणि विकत घ्यायला आमचूर, मोहफुलं, चारोळी, भगर असेल. तिथे पिकणारी किंवा रानातून गोळा होणारी ही वस्तू आहे आणि पैसे थेट घरात जातात. फक्त पिण्याचं पाणी पुरेसं सोबत न्या, तिथल्या झऱ्यावर भार टाकू नका. अंघोळ तोरणमाळच्या किंवा नंदुरबारच्या हॉटेलात करा.