काँगचे नसलेले डोंगर

बालमित्रांनो, नकाशा भरताना सह्याद्री भलतीकडे दाखवला तर गुण जातात ना? मग ही गंमत ऐका. एका निष्णात माणसाने नसलेली अख्खी पर्वतरांग नकाशात दाखवली, आणि नव्वद वर्षं ती टिकली!

मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ साली पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीकाठी पोचला. नदी पूर्वेकडे वाहते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. दक्षिणेला डोंगर असल्याची खबरही आणली. त्याच्या प्रवासाचा नकाशा १७९८ साली काढला जेम्स रेनेलने. हा कुणी ऐरागैरा नव्हता बरं का! आपल्याकडे बंगालची मोजणी करणारा पहिला सर्व्हेअर जनरल तो हाच. पण हा मुलूख त्याने पाहिलेला नव्हता. नदी दक्षिणेच्या समुद्राकडे का वळत नाही? मध्ये डोंगर आडवे असणार! झालं, 'काँगचे डोंगर' पूर्व-पश्चिम उभे राहिले.

पुढच्यांनी चक्क कॉपी केली. कुणी तर रांग आणखी लांबवली. १८३० साली लँडर बंधू होडीतून नदीच्या मुखापर्यंत गेले. नायजर दक्षिणेलाच, गिनीच्या आखाताला मिळते! म्हणजे डोंगरांचं कारणच संपलं. डोंगर मात्र हलेनात.

शेवटी १८८८ साली बँझे हा फ्रेंच अधिकारी खुद्द काँगला पोचला. हे गाव आज आयव्हरी कोस्ट देशात आहे. गाव होतं, बाजार होता, विणकर होते. डोंगर? क्षितिजावर टेकड्यांची साधी ओळही नव्हती.

तरी १९०५ सालच्या एका शालेय नकाशासंग्रहात ते छापलेले होतेच!