पित्ताची गोळी घेण्यापूर्वी

आपल्याकडे पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव आहे, पित्त. छातीत जळजळले तर पित्त, करपट ढेकर आले तर पित्त, पोट फुगले तरी पित्तच. नाव एक, म्हणून औषधही एकच ठरून गेले आहे : दुकानातून आणलेली अॅसिडिटीची गोळी. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी तक्रार परत येते आणि पुन्हा गोळी आणली जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की, पोट वारंवार बिघडत असेल तर त्याचे कारण शोधून ते दूर करणे हाच पहिला उपचार होय.

कारण विचारले की बहुतेक रुग्ण सांगतात, ‘‘डॉक्टर, तिखट बंद केले आहे.’’ बिचारी मिरची! तिखटाने काहींची जळजळ वाढते हे खरे. परंतु जठरात व्रण, म्हणजे अल्सर होण्याची मुख्य कारणे दोन आणि ती वेगळीच आहेत.

पहिले कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. जठरातील आम्लात जंतू राहतो हे कोणाला पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. या शोधासाठी दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज या जंतूची तपासणी होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक दिवसांचे औषध पूर्ण घेतल्यास तो बहुधा नाहीसा होतो. केवळ अॅसिडिटीच्या गोळीने तो जात नाही.

दुसरे कारण आपल्या घरातच असते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात वेदना व सूज वाढवितात आणि तीच जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. या गोळ्या ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. म्हणजे गुडघा शांत होतो आणि जठर उघडे पडते. ‘जेवून गोळी घेतली’, ‘गोळी नको म्हणून इंजेक्शन घेतले’ याने धोका टळत नाही, कारण औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करते.

खुरपणीला जाणाऱ्या एक मावशी माझ्याकडे थकव्यासाठी आल्या. चेहरा पांढराफटक, चार पावले चालल्या की धाप. गुडघेदुखीसाठी तीन महिने रोज दोन गोळ्या आणि जळजळ होते म्हणून अधूनमधून पित्ताची गोळी, सारे दुकानातून मागून घेतलेले. शौचाला डांबरासारखे काळे होत होते. व्रणातून रक्त झिरपत होते आणि जळजळ गोळीने दबल्यामुळे त्यांना ते कळत नव्हते. तिखट मात्र त्यांनी कधीच सोडले होते!

मग आपले कारण ओळखायचे कसे? एक साधी वही घ्या. दोन आठवडे रोज लिहा : काय खाल्ले-प्यालो, किती वाजता, कोणती गोळी, तंबाखू वा मिश्री घेतली, त्रास काय झाला आणि केव्हा. वही बहुधा खरे बोलते. उपाशीपोटी दोन-तीन कप चहा, रात्री दहाला जेवून लगेच आडवे होणे, दुधानंतर पोट फुगणे अशा गोष्टी तीत दिसू लागतात. मोठेपणी अनेकांना दुधातील साखर पचत नाही. त्यांना ताक-दही बऱ्याचदा सोसते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिनने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येते.

संशय आलेली एकच गोष्ट दोन आठवडे बंद करा. खाण्यातली गोष्ट असेल आणि फरक पडला, तर एकदा पुन्हा घेऊन पाहा. सारे एकदम सोडू नका; त्याने माणूस अशक्त होतो आणि कारण काही कळत नाही. तंबाखू मात्र कायमचीच सोडावी. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर वही बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. छातीतील जळजळीबरोबर घाम किंवा दम लागत असेल तर ते पित्त समजून घरी बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते.

औषध दुकानदारांना माझी एक विनंती आहे. डायक्लोफिनॅकच्या पाकिटावर चिठ्ठीशिवाय विक्री करू नये असे छापलेले असते. ‘गिऱ्हाइकाने मागितली म्हणून दिली’ हे त्यावर उत्तर नव्हे.

आणि घरच्यांनाही सांगणे आहे. त्या मावशी गोळी हौसेने घेत नव्हत्या. गुडघा दुखला तरी रोज बुडवता येत नव्हता आणि घरी परतल्यावर पाणी भरणेही चुकत नव्हते. गोळी बंद करायची तर घरातील कोणीतरी हंडा उचलला पाहिजे. पथ्य एकट्या रुग्णाचे नसते, ते साऱ्या घराने पाळायचे असते.