एजंट जोडले गेले. अर्थ जुळला का?

काम एकदा सांगावे आणि चार ठिकाणची माहिती जमवून संगणकानेच ते पार पाडावे, ही कल्पना जुनीच. टेक्सासमधील ‘एमसीसी’ या संशोधन संस्थेच्या ‘इन्फोस्लूथ’ प्रकल्पात १९९० च्या दशकातच सॉफ्टवेअर एजंट परस्परांवर कामे सोपवीत होते. कोणती माहिती कोणाकडे, हे सांगायला एक एजंट आणि शब्दांचे अर्थ सांभाळायला दुसरा, अशी ती रचना.

आज गाजावाजा आहे तो खुल्या मानकांचा. ‘अँथ्रोपिक’च्या २०२४ मधील ‘एमसीपी’मुळे एजंट माहितीसाठ्यांशी जोडला जातो, तर ‘गुगल’च्या २०२५ मधील ‘ए टू ए’मुळे एजंट एजंटाशी. जोडणी सोपी झाली, हे निर्विवाद. पण अर्थाचे काय? १९९९ मध्ये ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान मंगळापाशी नष्ट झाले, तेव्हा दोन्ही सॉफ्टवेअर जोडलेलीच होती. एकाने आकडे पौंड-सेकंदांत दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे गृहीत धरले.

एजंटांच्या साखळीत असाच आकडा पुढचा एजंट खरा मानतो आणि ग्राहकाच्या खात्यातून पैसे भरून मोकळा होतो. प्रत्येक आकड्यासोबत एकक, स्रोत आणि तारीख पुढे जायलाच हवी. तशी सक्ती दोन्ही मानकांत नाही. ते काम प्रणाली बांधणाऱ्यावर सोडलेले आहे.