बापाची टेकडी करू नका!

दोस्तांनो, एकदा पवनीला जाऊन या. भंडारा जिल्हा, वैनगंगेचा काठ. तिथल्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७० साली खोदकाम झालं. मातीखालून काय निघालं? बौद्ध स्तूप! दोन हजार वर्षांपलीकडचा. दान देणाऱ्यांची नावं कोरलेले दगड. मुचलिंद नाग.

आणि टेकडीला नाव कुणाचं? जगन्नाथाचं!

काय झालं ते नीट समजून घ्या. स्तूप कुणी उचलून नेला नव्हता. वीट जागच्या जागी होती. गेला तो विचार. सांगणारे गेले, ऐकणारे गेले, आणि गुरूच्या डोक्यावर देव येऊन बसला. बुद्धानं जाताना आनंदाला सांगितलं होतं की माझ्यामागं धम्म हाच तुमचा गुरू. गादी कुणालाच दिली नाही. धम्म विसरला तिथं स्तूपाची टेकडी झाली.

आता आपल्या बापाचं बघू. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यात बाबासाहेबांना पाडलं. राखीव जागेवर काँग्रेसचा माणूस निवडून आणला. आज १४ एप्रिलला कुठल्याही पक्षाचा पुढारी बघा, हार घेऊन पुतळ्यापुढं हजर! जिवंत बाबासाहेब चालत नव्हते, सिमेंटचे चालतात. सिमेंट सवाल करत नाही ना!

पण पुढाऱ्याला शिव्या घालून आपण सुटत नाही. आपण काय करतो? फोटोला उदबत्ती. परीक्षेला जाताना फोटोच्या पाया पडायचं, पास झालो की नवस फेडल्यासारखे पेढे. जयंतीला रात्रभर डीजे, आणि बावीस प्रतिज्ञा म्हण म्हटलं की पाचवीच्या पुढं जीभ अडते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात श्राद्ध-पिंडदान सोडायची शपथ घेतली. आता बापालाच वर्षातून दोनदा हाराचा पिंड ठेवतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हा माणूस बजावत होता की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण त्याचीच भक्ती मांडली!

मग गेलेला गुरू राहतो कुठं?

आमच्या वस्तीत एक बुढी होती. अंगठाबहाद्दर. धानाच्या बांधीत रोवणा करून करून कंबर वाकलेली. विचारलं, आजी, बाबासाहेब पाहिले का? म्हणाली, "नाही पाह्यले जी. पर त्यायनं सांगतलं व्हतं, पोट्ट्यायले शिकवा. मी शिकवले." खलास. तिथं राहतो तो.

मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीतही राहत होता. सुरेखा भोतमांगे लेकरं शिकवत होती, जमिनीसाठी भांडत होती, मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभी राहिली. २९ सप्टेंबर २००६ ला जमावानं तिला, प्रियंकाला, रोशनला, सुधीरला ठार मारलं. कोर्टाला त्यात जात दिसली नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. फोटोला हात जोडून गप्प बसणारी बाई त्या गावाला चालली असती. बोलणारी चालली नाही. कारण तिच्या तोंडून बाबासाहेब बोलत होते, आणि ते त्यांना बरोबर ऐकू आले. आपल्याला येतात का?

फोटो उतरवा असं मी म्हणत नाही. राहू द्या भिंतीवर. पण खाली पुस्तक ठेवा आणि ते उघडा. शेजारच्या घरातल्या, न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. साक्ष द्यायची वेळ आली की पाय मागं घेऊ नका. पुढारी हार घेऊन आला की त्याला तिथंच धरून विचारा, आमच्या जमिनीचं काय झालं? आमच्या खटल्याचं काय झालं?

नाहीतर उद्या कुणीतरी दीक्षाभूमीत कुदळ घालील, आणि टेकडीवर नाव कुठल्या तरी देवाचं असेल.

जयभीम म्हणता ना? मग नुसतं म्हणू नका!